सुनेच्या सायकलला मी बसवलेले टायर

हे लिहायचं मी आठ-नऊ वर्षं टाळत आलो. त्यात टाळण्यासारखं मोठं काही नाही, असं मी स्वतःला सांगायचो. एका सायकलचे दोन टायर बदलले, एवढीच तर गोष्ट. पण लिहायला बसलो की सुरुवातच चुकायची. एकदा रस्त्यापासून सुरू केलं. एकदा माझ्या नोकरीपासून सुरू केलं आणि चार पानं भरली तरी सून आलीच नव्हती. म्हणून या खेपेला तिच्यापासून सुरू करतो.

माझी सून लग्न होऊन कोल्हारला आली तेव्हा तिच्याकडे रक्त तपासण्याच्या कामाचं शिक्षण होतं. नात शाळेत जायला लागल्यावर तिला बाभळेश्वरच्या एका लॅबमध्ये काम मिळालं. सकाळी साडेआठला हजर राहायचं, कारण उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं दारात बसलेली असायची. आमच्याकडून बाभळेश्वर सात-आठ किलोमीटर. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की हात बाहेर काढायला जागा नाही. महिनाभर उशिरा पोचण्याची बोलणी खाल्ल्यावर तिने माहेरी पडून असलेली भावाची सायकल टेम्पोत घालून आणली. गेअरची, डोंगरात चालवतात तसली, जाड टायरची.

"सुना माहेराहून फ्रिज आणतात, आमची सायकल घेऊन आली," माझी बायको शेजारणीला म्हणाली.

"आत्या, फ्रिजवर बसून लॅबला जाता येत नाही," सून आतून म्हणाली. त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो. मुलगाही हसला. तो कंपनीत लांब नोकरीला असल्याने आठवड्याने घरी यायचा.

सायकलला बटनाचे टायर होते. बटनाचे म्हणजे वर रबराचे गुट्टे असलेले, चिखलात धरणारे. डांबरावर त्यांचा भुंग्यासारखा आवाज यायचा. ती वळणावर दिसायच्या आधी तो आवाज ओट्यावर ऐकू यायचा. दहा-पंधरा दिवसांनी संध्याकाळी ती माझ्यासमोर पायऱ्यांवर बसली आणि म्हणाली, "आबा, लई जड जाते हो. मागून कुणीतरी कॅरिअर धरून ठेवल्यासारखं वाटतं. रस्त्याचे टायर टाकू या का?"

तिने मोबाईलवर पुष्कळ काही पाहिलं होतं. एक माणूस सांगत होता की टायर जितका बारीक तितकी सायकल हलकी. दुसरा सांगत होता की रुंदीने काही बिघडत नाही, फक्त गुट्टे नकोत. सव्वा इंच, दीड, पावणेदोन, दोन. काही पूर्ण प्लेन, काही मधे प्लेन आणि कडेला खाचा. ती वैतागून म्हणाली, "माझं डोकं फिरलं. तुम्ही तीस वर्षं सायकलवर शाळा केल्या, तुम्हीच ठरवा. फक्त आणण्याआधी आपल्या सायकलवाल्या मिस्त्रींना विचारा. त्यांच्या शब्दाबाहेर नको."

मी प्राथमिक शाळेचा मास्तर. आजूबाजूच्या चार गावांत बदल्या झाल्या आणि सगळीकडे काळ्या सायकलवरून गेलो. त्यामुळे कुणी सायकलीबद्दल विचारलं की मला फार बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन मी टायरच्या कडेवरचे आकडे वाचायला बसलो. एकाच टायरवर इंचाचा आकडा वेगळा, मिलिमीटरचा वेगळा, हवेचा तिसराच. मी ते वहीत उतरवून घेतले. उतरवल्यावर जास्तच गोंधळ झाला, कारण कुठला आकडा कशाचा हे लिहायचं राहिलं होतं.

मग पेठेत मिस्त्रीकडे गेलो. माझी काळी सायकल त्यानेच आयुष्यभर जगवली होती. दुकानापुढच्या बाकावर नेहमीप्रमाणे तिघेचौघे चहा पीत बसलेले.

"सून जाती कुठं रोज?" त्याने विचारलं.

"बाभळेश्वरला. सरळ डांबर आहे. बारीक प्लेन टायर टाकून दे."

त्याने हातातलं चाक खाली ठेवलं. "डांबर म्हनू नका गुरुजी. डांबर ट्रॉल्यांचं हाय. आता दिवाळीनंतर कारखानं पेटतील. मागून हॉर्न वाजला की सायकलवाला साईडपट्टीला उतरनार. उतरनं सोपं हाय. वर चढायचं कसं?"

आमच्याकडचा हा रिवाजच आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर आला की तो सरकत नाही, सायकलवाला सरकतो. न सांगता खाली मातीत उतरायचं, ट्रॉली जाऊ द्यायची, मग परत वर यायचं. कुणी त्याचा रागही मानत नाही. त्यात रस्त्यावर थरावर थर टाकून डांबराची कड साईडपट्टीपासून चार-चार बोटं वर आलेली.

मिस्त्री म्हणाला, "मधी प्लेन, कडंला बटनं आसा टायर मिळतो. त्यो टाका. अन् जाडी पावनेदोनच्या खाली नको. बारीक टायर कडंवर चढत न्हाई. कडंला लागून घासत ऱ्हातो अन् मानूस आडवा."

"मी तीस वर्षं बारीकच टायर चालवला की," मी म्हणालो.

"तुमी कुठं चढवला?" तो हसला. "हॉर्न वाजला की गुरुजी खाली, सायकल हातात. ट्रॉली गेली तरी म्होरल्या झाडापर्यंत चालतच. आख्ख्या रस्त्याला म्हाईत हुतं."

बाकावरचा एक जण म्हणाला, "गुरुजींनी सायकल चालवली कमी अन् फिरवली जास्त."

सगळे हसले. मीही हसलो. त्यात काही विखार नव्हता, आमच्या गावात अशी थट्टा रोज चालते. तरी मला ते लागलं. किती लागलं हे तेव्हा कळलं नाही. घरी येताना मी मनात त्याला उत्तरं देत होतो एवढं आठवतं.

दोन दिवसांनी पेन्शनच्या कामासाठी नगरला जायचं होतं. आता त्याचं अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. तिथल्या मोठ्या सायकलच्या दुकानात शिरलो. एका तरुणाने अदबीने विचारलं, "काका, रोडसाठी की ऑफ-रोड?"

मला तो प्रश्न फार आवडला. त्याला सरळ उत्तर होतं. वहीतले आकडे पुढे करून मी म्हणालो, "रोड. नगर-मनमाड हायवे."

"मग डोळे झाकून हे घ्या. सव्वा इंची, पूर्ण प्लेन. तुमच्या रिमला बसतात, ट्यूबही बारीक देतो."

त्याची काही चूक नव्हती. त्याने रस्ता विचारला आणि मी रस्ता सांगितला. साईडपट्टी मी सांगितलीच नाही. मिस्त्रीचे शब्द त्या क्षणी आठवले होते का? पुष्कळदा स्वतःला विचारलंय. कधी वाटतं, आठवले होते आणि मी मुद्दाम बाजूला सारले. कधी वाटतं, टायर हातात घेतल्यावर तो इतका हलका लागला की बाकी सगळं विसरलो. दोन्ही खरं असू शकेल.

टायर मिस्त्रीकडून बसवून घेणं शक्य नव्हतं. मी ते घरीच बसवले. जुना टायर रिममधून उपसायला पट्टी लागते, ती नव्हती म्हणून स्वयंपाकघरातली दोन उलथनी घेतली. रिमला चांगले ओरखडे पडले आणि एक उलथनं वाकलं.

"आता भाकरी कशानं उलथू? पंपानं?" बायको म्हणाली.

सून लॅबमधून आली तेव्हा मी पंप मारत होतो. तिने टायरवरून बोट फिरवलं. "किती गुळगुळीत आहेत! मिस्त्रींना विचारलंत ना? काय म्हणाले?"

"हेच म्हणाला," मी बोललो.

दोन शब्द. हे सगळं लिहायचं ते त्या दोन शब्दांसाठी. मला कुणी कोंडीत पकडलं नव्हतं. 'तो दुसरे सांगत होता, मला हे बरे वाटले' असं म्हणालो असतो तर ती काही रागावली नसती. फार तर म्हणाली असती, बदलून आणू. मग मी खोटं का बोललो? वयाची पंच्याहत्तरी गाठली तरी मला याचं धड उत्तर देता येत नाही.

पुढचा दीड महिना मात्र सुखाचा गेला. सायकलचा आवाज बंद झाला. ती कधी दारात येऊन उभी राहायची ते कळायचंच नाही. "आबा, सायकल उडती!" ती म्हणायची. लॅबमधल्या डॉक्टरांनी तिच्यावर आणखी तपासण्या सोपवल्या. रोज जेवताना ती तिथल्या गमती सांगायची. सुई पाहून पळालेला पैलवान, लघवीच्या बाटलीवर स्वतःच्या नावाऐवजी गावाचं नाव लिहिणारे आजोबा. मला वाटायचं, हे सगळं माझ्या टायरनी दिलंय.

दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले. एका सकाळी घरातला फोन वाजला. सून पडली होती.

मागून ट्रॉलीचा हॉर्न आला, ती साईडपट्टीला उतरली. ट्रॉली गेली. तिने वर यायला हँडल वळवलं. पुढचं चाक कडेला लागलं आणि वर न चढता घासत राहिलं. ती डांबरावर उजव्या हातावर पडली. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून ती वाचली. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

दवाखान्यात ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. "चाक वर चढलंच नाही हो. कडेला घासत गेलं." अगदी मिस्त्रीचेच शब्द, आणि तिने ते कधी ऐकलेही नव्हते.

मुलगा धावत आलेला, घाबरलेला. घाबरलेला माणूस रागावतो. "कानात गाणी घालून चालली असशील. नाहीतर मोबाईल."

"गाडीसारखी हाणत होती ती सायकल. मी रोज बघत होते," बायको म्हणाली.

"चाकाला काय धाड भरली?" मुलगा माझ्याकडे वळला. "आबा, टायर नवेच होते ना?"

"नवेच होते," मी म्हणालो.

त्यात खोटं काहीच नव्हतं. टायर नवेच होते.

घरी आल्यावर मी ते टायर काढले आणि जुने बटनाचे परत चढवले. उलथनी तीच. प्लेन टायर पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. ती बरी झाली की सायकल तयार असावी म्हणून करतोय, असं मी त्या वेळी म्हणत होतो. मोठ्यानेसुद्धा म्हणालो असेन. आज लिहिताना ते पुरावा लपवल्यासारखं दिसतं. त्या वेळी माझे हात नक्की कशासाठी चालले होते, मला खरोखरच सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्री बिस्किटाचे पुडे घेऊन भेटायला आला. ओट्यावर सायकल उभी होती. तो वाकला, रिमवरच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"कुनी चढवलं हे?"

"मीच."

"अन् ते बारीक?"

 ती रोज त्याच्या दुकानावरूनच जायची. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बघत हुतो मी रोज," तो म्हणाला. "दोनदा वाटलं ताईंना थांबवावं. म्हनलं, गुरुजींनी इचार करूनच घातलं आसंल." मग आत जाऊन त्याने सुनेची विचारपूस केली, चहा घेतला आणि निघून गेला. टायरचं अक्षरही काढलं नाही. त्याने सांगून टाकावं असं मला वाटत होतं, आणि तो सांगेल या भीतीने मी चहाचा कप सांडला होता.

पुढे एकदा मी त्याला एकट्याला गाठलं. विचारलं, "खरं सांग, टायरमुळंच पडली का?"

तो म्हणाला, "कोन सांगनार गुरुजी? बटनाच्या टायरवर बी मानसं पडत्यातच की." या वाक्याच्या आडोशाला मी कितीतरी वर्षं काढली. त्याने ते माझ्यावर दया म्हणून म्हटलं होतं हे मला कळत होतं, तरी काढली.

दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं. मनगट पूर्वीसारखं वळेना. लॅबने तोवर दुसरी मुलगी घेतली होती, पण डॉक्टरांचा निरोप होता की हात बसला की या, जागा करू. एका दुपारी ती ओट्यावर येऊन सायकलपाशी उभी राहिली. मी पेपर वाचत होतो.

"आबा, तेव्हा हे टायर नव्हते ना? ते प्लेनवाले होते."

"ते पंक्चर झाले. म्हणून जुने घातले."

दुसरं खोटं.

ती चाकाकडे बघत राहिली. "मला सारखं वाटतं, चाक चढलं नाही. पण मिस्त्रींनीच सांगितलेले टायर होते. त्यांना रस्ता माहीत, माणूस माहीत. ते चुकीचं कसं सांगतील?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हणजे माझाच हात चुकला. मला उगाच वाटत होतं चालवता येते."

मी पेपर खाली ठेवला. तो क्षण माझ्यासमोर होता. ती वाटही बघत होती, निदान मला आज तसं वाटतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

त्यानंतर ती सायकलवर बसली नाही. लॅबला गेली नाही. डॉक्टरांचा निरोप पुन्हा आला तेव्हा म्हणाली, "नको, माझा हात आता भरवशाचा नाही." मनगटाबद्दल बोलते आहे असं सगळ्यांना वाटलं. मला माहीत होतं की ती फक्त मनगटाबद्दल बोलत नाहीये. शिवणाचं मशीन आणलं, ब्लाउज शिवायला लागली. चांगलं शिवते. बायका लांबून येतात. त्यामुळे माझं असं होतं की कधी वाटतं, सगळं ठीकच झालं की. मग ती दोरा ओवायला उजवा हात वर धरते आणि मनगट अर्ध्यात थांबतं. मी उठून अंगणात जातो.

आता नात अकरावीला आहे. कॉलेज त्याच रस्त्याला. गेल्या महिन्यात तिने जेवताना सायकल मागितली. रस्ता आता कुठे रुंद झालाय, कुठे तसाच आहे, ट्रॉल्या आहेतच. मुलगा विचार करत होता. सून भाकरी वाढता वाढता म्हणाली, "नको गं. मला जमलं नाही, तुला काय जमणार? आपल्याला रस्त्याचा अंदाजच नाही."

'आपल्याला' म्हणाली. माझं खोटं आता तिच्या लेकीपर्यंत आलं होतं. नात उठून गेली. 

चार दिवसांपूर्वी दुपारी सून ओट्यावर मेथी निवडत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी समोर जाऊन बसलो. आठ-नऊ वर्षांत पहिल्यांदाच वाक्य तोंडापर्यंत आलं.

"पोरी, ते टायर..."

"कुठले?"

"सायकलचे. मी नगरहून आणलेले."

तिने मान वर केली आणि हसली. "आबा, अजून तुमच्या मनात तेच आहे? तुमचा काय दोष त्यात? कुणाचा सासरा सुनेच्या सायकलसाठी नगरपर्यंत जातो? आकडे काय उतरवलेत, मिस्त्रींना काय विचारलंत. मी माझ्या माहेरी सांगते अजून."

मी नगरला पेन्शनसाठी गेलो होतो, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

तिने मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवली. मी निवडायला लागलो. किती वेळ निवडत होतो कोण जाणे. माझ्याकडची जुडी संपली, तिची संपली, ती पाटी उचलून आत गेली आणि मी देठं गोळा करत बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं ते इतकंच होतं: पोरी, मिस्त्री हे टायर नकोच म्हणाला होता. मी तुझ्याशी खोटं बोललो, दोनदा. तुला सायकल चांगली चालवता येत होती. तुझा हात चुकला नव्हता. मला माफ कर.